कोलनच्या जागी विसर्ग

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सकाळी सुमनमावशींचा फोन. मी हॉटेलच्या स्वागतकक्षात कामावर येऊन अजून पर्सही खाली ठेवली नव्हती.

"पोरी, ह्ये तुजं यंत्र घिऊन जा. माजं डोस्कं आता कामातनं गेलं."

मावशी लोहगडवाडीच्या. गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी घालण्यात हयात गेली. आमच्या कुसगावच्या हॉटेलातले पाहुणे गडावर निघाले की मी त्यांना मावशींच्या टपरीवरच जेवायला धाडते, ओळख तिथली. गेल्या वर्षी साखरेनं त्यांचे डोळे गेले. जुलैत मीच त्यांच्या फोनवर पडदा वाचून दाखवणारा तो फुकटचा प्रोग्राम टाकला. माझ्याही फोनवर तोच आहे. त्याची मराठी मार्गदर्शिका उघडून दिली, म्हटलं, ऐका आणि शिका. मी स्वतः इंग्रजीतली ऐकून शिकले. मराठीतली आहे याचाच कोण आनंद झाला होता मला.

आता तक्रार अशी. आलेला मेसेज फोन वाचतो. उत्तर बोललं की लिहूनही घेतो. पण ते जात नाही. "म्या बोलती, ती बया लिवून घेती, आन् तितंच बसून ऱ्हाती." रविवारी दहा जण विचारत होते, जेवायला येऊ का. मावशी दिवसभर 'या, या' म्हणत बसल्या. ते शेजारी जेवून गेले.

त्यात दत्ता, मावशींचा मुलगा. त्याचं म्हणणं, दसऱ्यापासून टपरी दुसऱ्याला चालवायला देऊ. आई, तुला आता न्हाई जमायचं.

मी म्हटलं, यंत्र नेणार नाही. मावशी म्हणाल्या, मंग गडाच्या विंचूकाट्यावरनं खाली टाकून देती.

१३ ऑगस्ट, बुधवार

दुपारी जरा मोकळी झाले तसा मावशींना फोन लावला. म्हटलं, काय करायचं ते मी सांगते, सोपं आहे. उत्तर बोलून झालं की...

"सांगू नगंस."

"अहो पण मावशी..."

"तू सांगितल्यालं आज समजंल. उद्या इसरलं तर? रोज तुला फोन करू? आन् तू न्हाई उचललास तर? पुस्तकात आसंल तर कुटं हाये ते सांग, म्या ऐकती. पुस्तकात नसंल तर ऱ्हाऊ दे."

मार्गदर्शिकेला मावशी पुस्तक म्हणतात.

असा राग आला! एवढी मदत करायला जावं तर ही तऱ्हा. संध्याकाळी भांडी घासताना राग उतरला. माझी नजर गेली तेव्हा नितीन मला दिवसभर सगळं सांगत असायचा. इथे उंबरा, इथे कप, कप गरम आहे. एकदा मी त्याच्या अंगावर वाटी फेकली होती. नवरा चांगला, म्हणून अजून आहे. वाटीला पोचा आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मराठी मार्गदर्शिका ऐकली. पान 'उत्तर पाठवणे'. मेसेज उघडा. उत्तराच्या चौकटीवर जा. माइक चालू करा. बोला. "मग उत्तर जाते."

जाते? कसं जाते? चालत?

इंग्रजीत इथे एक मोठी टीप आहे, माझी तोंडपाठ: बोलून झालं की दोन बोटांनी दोनदा टॅप करून माइक आधी बंद करा, नाहीतर फोन नुसता ऐकत बसतो. मराठीत ती टीपच नाही. म्हणजे मावशींचा माइक महिनाभर चालूच. त्या बोलतात, बया ऐकते, दोघी बसून.

मावशींचं डोकं ठणठणीत आहे. पुस्तकालाच भोक पडलंय.

१७ ऑगस्ट, रविवार

जोडून सुट्ट्या. अख्खा मुंबई-पुण्याचा गाव लोणावळ्यात. घाटापासून गाड्या तुंबलेल्या, पाहुणे तासन्‌तास अडकून येतात आणि राग माझ्यावर काढतात. "मॅडम, रूममधून व्ह्यू आहे ना?" मी ठामपणे सांगते, उत्तम आहे. एवढ्या वर्षांत व्ह्यूबद्दल एक तक्रार नाही.

मार्गदर्शिकेला हात लावायला सवड नाही. मनात मात्र तेच.

बातम्यांत सकाळ-संध्याकाळ: पवना धरणातून विसर्ग वाढवला, नदीकाठच्यांनी सावध राहावे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सापडलं! आधी तारीख नीट लिहिते. १९ ऑगस्ट.

आज सुट्टी. हा प्रोग्राम खुला, म्हणजे मार्गदर्शिकेची मूळ फाइलही कुणालाही उघडता येते, चूक असली तर दुरुस्ती पाठवता येते. उघडली. आणि काय, टीप आहे की! सगळी आहे, शब्दन्‌शब्द, छान मराठीत. फाइलमध्ये आहे आणि पानावर नाही.

फाइलमध्ये मजकुराबरोबर यंत्रासाठी खुणा असतात. टीप असेल तर टिंब टिंब, मग 'टीप', मग कोलन कोलन. ती खूण पाहिली की यंत्र पुढचा मजकूर चौकटीत टाकून वाचकाला दाखवतं. इथे खूण होती. दोनदा ऐकली, बरोबर वाटली. तिसऱ्यांदा वेग कमी करून ऐकली तर माझ्या फोनमधली बाई तिथे येऊन बारीकसा उसासा टाकते. 'टीपह्'. कोलनला ही बाई कधी उसासा टाकत नाही. कोलन ती मुळी वगळूनच जाते.

म्हटलं, अक्षर अक्षर वाच गं.

टिंब. टिंब. मोकळी जागा. ट. दीर्घ ई. प. विसर्ग. विसर्ग.

विसर्ग!! ओरडलेच. नितीन ओल्या हातानं धावत आला, त्याला वाटलं मी पडले. कोलनच्या जागी विसर्ग! लिहिणाऱ्यानं 'स्वतः'मधला विसर्ग दोनदा मारलाय. यंत्राला कोलन मिळाले नाहीत की ते समजतं, ही लिहिणाऱ्याची खाजगी नोंद, चारचौघांना दाखवायची नाही. गपचूप गाळून टाकतं. कुरकुरसुद्धा करत नाही.

नितीन म्हणाला, "म्हणजे तुझ्याकडेही विसर्ग वाढला. नदीकाठच्यांनी सावध राहावे?"

राहावंच.

२० ऑगस्ट, बुधवार

नितीनची परीक्षा घेतली. दोन ओळी एकाखाली एक, एकीत कोलन, एकीत विसर्ग. "फरक सांग."

चष्मा लावला. चष्मा काढला. स्क्रीनला नाक टेकवलं असावं, कारण आवाज तिकडून आला. "हे दोन ठिपके. हेपण दोन ठिपके. चेष्टा करतेस का?"

नाही करत. डोळसांना दिसायला सारखंच दिसतं. म्हणून कुणाला सापडलं नाही. मला ऐकू आलं. डोळे असते तर मलाही सापडलं नसतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण उद्या मला नम्रपणा सुचेल.

माझं नाव सुनेत्रा. आईबाबांनी ठेवलं तेव्हा त्यांना काय ठाऊक. शाळेत असताना कौतुक, नजर गेल्यावर लोकांना नाव घ्यायला अवघड व्हायचं, मला नाही. आज तर अजिबात नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

चार संध्याकाळी बसून मार्गदर्शिका अख्खी ऐकली. एकूण एक टीप गायब. एकूण एक सूचना गायब. 'सावधान' म्हणून जे जे लिहिलंय ते सगळं यंत्रानं खाजगी समजून पोटात घातलंय. लोक नुसत्या पायऱ्या ऐकतात, अडतात, आणि सोडून देतात.

सगळे खुणेचे विसर्ग काढून कोलन घातले. एकेक करून. एकदम बदलता येत नाही, कारण खरे विसर्गही आहेत, 'स्वतः', 'विशेषतः', 'पूर्णतः'. भाषांतर करणाऱ्याला हे शब्द भारी प्रिय. दुरुस्ती पाठवली.

मग मावशींना फोन.

"मावशी, चूक तुमची नव्हती. पुस्तकातलं वाक्यच गायब होतं."

मावशी हळूच म्हणाल्या, "म्हंजे मला याड लागलं नव्हतं?"

"नाही हो."

"म्हैनाभर म्या सवताला शिव्या घातल्या, पोरी. रातच्याला उशाला घिऊन झोपायची, मनायची ह्या मड्याला सगळ्यांचं कळतं, माजंच कळंना. कुनी केलं ह्ये?"

"तळेगावचे एक सर आहेत. ठिपके चुकले त्यांचे."

"ठिपकं? रांगुळीगत?"

"तसंच म्हणा."

"मंग ठिपकं चुकल्यावर म्होरलं सगळं चुकनारच की." आणि वर, "कर नीट. पुस्तकात आलं की सांग."

शाबासकी नाही, काही नाही. हुकूम. मला तोही आवडला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आज दुरुस्तीला उत्तर आलं.

"येथे कोलन आधीपासूनच आहेत. बदलाचे प्रयोजन समजले नाही. नामंजूर. वि. जोगळेकर."

हे ते तळेगावचे सर. मार्गदर्शिकेचं सगळं मराठी एकट्यानं केलंय त्यांनी, आणि मराठीतला कुठलाही बदल त्यांनी मंजूर केल्याशिवाय आत जात नाही.

प्रयोजन! आरतीच्या आधी हे ऐकायला नको होतं. टाळ्या वाजवत होते त्या गणपतीसाठी की जोगळेकरांच्या कानाखाली, मला माहीत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सविस्तर उत्तर लिहिलं. सर, हे कोलन नाहीत, विसर्ग आहेत, दिसायला सारखे. त्यांचं लगेच आलं: "मला तरी कोलनच दिसतात. प्रत्येक पान मी डोळ्यांत तेल घालून तपासले आहे."

मी लिहिलं, "सर, थोडं कानात घाला." नितीननं पाठवू दिलं नाही. म्हणाला, म्हातारा माणूस आहे. मी म्हटलं, मावशीपण म्हातारीच आहे, आणि तिच्याकडे दसऱ्यापर्यंतच वेळ आहे.

तरी पुसलं. मनातून नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

सरांशी फोनवर बोलले. नंबर मार्गदर्शिकेच्या शेवटी होताच, 'शंका असल्यास निःसंकोच संपर्क साधावा'. साधला.

आवाज खणखणीत. "बाई, मी तळेगावात मराठी टंकलेखनाचा वर्ग चालवला आहे. माझ्या हाताखालून गेलेली मुलं कचेऱ्यांमधून निवृत्त झाली. चिन्हांबाबत आपण मला..."

"सर, एकच विचारते. तुमच्या मशीनवर कोलन कुठे होता?"

"कोलनला वेगळी कळ नव्हतीच. विसर्गाची कळ. दोन्हीला तीच वापरायची, दिसायला सारखेच..."

आणि थांबले.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि बाईला त्यांचीच ओळ अक्षर अक्षर वाचायला लावली. टिंब. टिंब. मोकळी जागा. ट. दीर्घ ई. प. विसर्ग. विसर्ग.

"पुन्हा लावा."

लावली.

"माझ्या संगणकावरही तीच मांडणी घेतली आहे मी. मशीनची. बोटांना सवय." मग एकच कळ दोनदा दाबून पाहिल्याचा आवाज. "म्हणजे टिपा?"

"एकूण एक, सर."

"इतके दिवस कुणी बोललं नाही?"

"ज्यांच्यासाठी लिहिलंत त्यांना वाटलं, आपलंच डोकं चालत नाही."

हे बोलायला नको होतं का? नाही, बोलायलाच हवं होतं. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "विसर्ग म्हणजे सोडून देणे. सगळ्या टिपा मी सोडूनच दिल्या की हो." आणि हसले.

मी सांगितलं, टिपा मात्र सुरेख लिहिल्यात. उगाच नाही सांगितलं. इंग्रजीपेक्षा सोप्या आहेत. त्यांनी बायकोला हाक मारून ते पुन्हा सांगायला लावलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

अरे देवा.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. जो. सरांनी माझी दुरुस्ती मंजूर केली नाही. स्वतःच बसले आणि एका फटक्यात अख्ख्या मार्गदर्शिकेतले सगळे विसर्ग बदलून कोलन केले. सगळे! आता चिन्हंही उच्चारायला लावली की माझी बाई वाचते: "स्वत कोलन फोन बंद करू नका." "नि कोलन संकोच."

फोन केला. "सर!"

"चुकलं का काही?"

"'निःसंकोच'चा संकोच झालाय."

त्यांनी तो शब्द स्वतःशी म्हणून पाहिला, मग, "उत्साह हो. उत्साहाच्या भरात झालं." ह्या माणसावर मला रागावता येईना. कहर म्हणजे मलाच हसू फुटलं, मग दोघेही हसत बसलो. हा तोच 'प्रयोजन समजले नाही'वाला माणूस.

ठरलं: रोज संध्याकाळी फोनवर बसायचं. ते वाक्य म्हणणार, मी खूण ऐकणार. अर्थाचा विसर्ग त्यांचा, खुणेचा कोलन माझा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बसतोय. सर वाक्य असं म्हणतात की जणू स्नेहसंमेलन आहे. मधून मधून त्यांच्या बायकोचा आवाज: "अहो, आमटी निवतेय." सर म्हणतात, "दोन विसर्ग राहिलेत." काकूंना वाटतं, आम्ही काहीतरी वैद्यकीय करतोय.

१५ सप्टेंबर, सोमवार

दत्ताचा फोन. मावशींना न सांगता केलेला.

"ताई, आईला उगं आशा नका लावू. कामशेतचा एक मानूस टपरी बगून गेलाय. चांगला हाये."

"पण मावशी..."

"तुमाला काय वाटतं, मला बरं वाटतंय व्हय? ती रोज पाटं उठून चुलीपाशी जाऊन बसती. एक दिस हात पोळला तर म्या काय करू?"

मी म्हटलं, तिच्या हाताला ती चूल तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो म्हणाला, "चूल आसंल. पर गिऱ्हाइक आता फोनवर इचारून येतं ताई. त्येला कोन जबाब देनार? आईनं एकलीनं दसऱ्यापत्तोर एकतरी जबाब द्यावा, म्या कामशेतच्याला न्हाई म्हनतो."

वाईट पोरगा नाही. ह्यामुळेच जास्त राग येतो. वाईट असता तर सोपं होतं.

संध्याकाळच्या फोनपर्यंत थांबले नाही, दुपारीच सरांना सांगितलं. म्हणाले, मग आज आमटी निवू दे.

२० सप्टेंबर, शनिवार

झालं! मंजूर, आणि मार्गदर्शिका नव्यानं चढली. 'उत्तर पाठवणे' उघडलं, बाई म्हणाली, "टीप." नुसतं, साधं, उसासा न टाकता. मग सगळी ओळ. दोन बोटांनी दोनदा टॅप करून माइक बंद करा, मग हिरवे बटण दाबा, उत्तर जाते. अंगावर काटा आला. एका टिपेसाठी!

आणि हे ऐक, रोजनिशे. प्रोग्रामची मूळ मंडळी परदेशातली, त्यांना सरांनी सगळा प्रकार कळवला. त्यांनी आता एक तपासणी बसवली आहे, खुणेच्या जागी विसर्ग आला की यंत्र बोंबलणार. बंगाली मार्गदर्शिकेवर चालवून पाहिली तर त्यांच्याकडेही निघाले! त्या तपासणीला नाव दिलंय 'विसर्ग'. इंग्रजी अक्षरांत. त्यांना उच्चार जमत नाही म्हणे. शिका म्हणावं.

खाली दुरुस्ती करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव. बाईकडून वाचून घेतलं. परत वाचून घेतलं. नितीननं पेढे आणले, म्हणाला, सुनेत्राबाईंना सगळ्या जगात नजर आली. मी म्हटलं, कान, रे. कान.

कानामागून आले आणि तिखट झाले. होऊ दे.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. मावशींना सांगितलं, पुस्तकात आलं.

"बरं."

फोन ठेवला! एवढं महाभारत, आणि 'बरं'.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मावशींकडून काही नाही. नितीन म्हणतो, फोन कर. करणार नाही. मी सांगितलं तर ते माझं होईल, मावशींचं होणार नाही. हे मला कळतं. कळूनही जीव खालीवर होतोच.

जमलं नसेल तर? पुस्तक नीट आणि तरी जमलं नाही तर पुढच्या वेळी सांगायला माझ्याकडे काही नाही. तेव्हा 'चूक तुमची नाही' कशी म्हणणार.

आज एका पाहुण्याची खोली दुसऱ्याला दिली. पहिल्यांदाच.

२९ सप्टेंबर, सोमवार

जो. सरांनीच विचारलं, "आपल्या मावशींचं काय?" आपल्या म्हणाले. मी म्हटलं, काही कळलं नाही. "दसरा गुरुवारी आहे," ते म्हणाले, जसं काही मला ठाऊक नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आला!!

दुपारी जेवत होते. फोन वाजला, बाई वाचायला लागली, सपाट आवाजात, जशी ती बँकेचा मेसेज वाचते तशी. मला आधी कळलंच नाही. बोलून लिहिलेला, मधे ठिपका नाही की थांबा नाही:

"सुनेत्रा म्या सुमन बोलती उद्याच्याला आठ पवना जेवाया येनार त्यास्नी या म्हनलं दोन बोटाचं जमलं पर पुस्तकात लिवलंय हिरवं बटन दाबा हिरवं कसं वळखू पोरी आमाला दिसतं व्हय म्या पाठवा म्हनतंय ते शोदून दाबलं पुस्तक नीट करा"

'पावनं'चं फोननं 'पवना' करून टाकलंय. आठ धरणं जेवायला येणार.

भाकरी हातात तशीच. आधी हसले, मग रडले, मग पुन्हा ऐकला आणि हिरव्यापाशी आले. हिरवं! ती ओळ मी किती वेळा ऐकली असेल. सरांकडून म्हणून घेतली, बाईकडून म्हणून घेतली. मी, जिला हिरवं बघून वर्षं झाली, ठिपके ऐकत बसले आणि हिरवं माझ्या कानाखालून निघून गेलं. आंधळ्यांच्या पुस्तकात हिरवं बटण! मावशींनी पहिल्याच फटक्यात धरलं.

आणि धरून थांबल्या नाहीत. 'पाठवा' ऐकू येणारं बटण स्वतः शोधलं.

कुठल्याही यादीतल्या माझ्या नावापेक्षा हे मोठं आहे. हे मात्र कुणाला सांगणार नाही, नितीनला सोडून. नितीनला सांगितलं. जो. सरांनाही सांगितलं. हॉटेलातल्या स्वागतकक्षात सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी नवी चूक नोंदवली. चूक दाखवणारी: सुमन, लोहगडवाडी. मावशींचेच शब्द घातले, एकही अक्षर न सुधारता. खाली परदेशातल्या मंडळींसाठी भाषांतर जो. सरांनी केलं. "आमाला दिसतं व्हय"पाशी अडले. म्हणाले, ह्याचं इंग्रजी होत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सकाळी सकाळी जो. सर. सोनं फोनवरच दिलं. म्हणाले, "हिरवं काढायचं हे ठरलं. पण त्याजागी काय लिहायचं? 'पाठवा असे ऐकू येणारे बटण'? की त्यांना काही वेगळं सोपं वाटतं? ज्यांनी चूक काढली त्यांनाच विचारा. त्या सांगतील ते घालतो. तोवर मंजुरी देत नाही."

ते पान आता मावशींसाठी अडून आहे.

दहा वाजता फोन लावला. घंटा वाजली, उचलला नाही. अकराला लावला. साडेबाराला लावला. मेसेज टाकला, उत्तर नाही. आता माझाच जीव टांगणीला. शेवटी दत्ताला लावला.

मागे सगळा गलका. पातेली, माणसं, कुणीतरी ठेचा मागत होतं, आणि लांबून मावशींचा आवाज, कुणाला तरी सांगत होता की जागा व्हईपत्तोर भाईर बसा.

"दत्ता, मावशींना फोन दे जरा. महत्त्वाचं आहे."

"ताई, आई कामात हाये," दत्ता म्हणाला. "मंग करंल ती तुमाला."

कामशेतच्या माणसाचं काय केलंस, विचारायचं राहून गेलं. हिरव्याच्या जागी काय, तेही. सरांना कळवलं, थांबा.